काळी पोरगी जिंकली की 'मेरिट' कुठे जातं?

२०१३ ची अँटवर्पची जागतिक जिम्नॅस्टिक्स स्पर्धा. १६ वर्षांची सिमोन बाइल्स सर्वांगीण विजेती झाली. त्याच स्पर्धेत इटलीची कार्लोटा फेर्लिटो मुलाखतीत बोलून गेली की पुढच्या वेळी आपणही कातडी काळी करू, म्हणजे जिंकू. नंतर माफी मागितली, ते सोडा. 'कोट्यातून आला' हे टोमणे खात शिकलेल्या आपल्या पोरांना ही भाषा पाठ आहे.

बरं, गुणवत्ता दाखवून तरी काय मिळतं? पालवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. पण जात चांभार! हिंदू संघाचं कप्तानपद निवड समितीने त्यांना रीतसर कधीच दिलं नाही. १९२३ ला ते धाकट्या विठ्ठलला मिळालं, तेही भावांनी उघड भांडण मांडल्यावर.