गांजा : नशा की दवा? एका झाडाचा विसरलेला इतिहास

गांजा म्हटले की आपल्यासमोर पोलिसांची धाड येते, चिलीम ओढणारे बैरागी येतात किंवा बरबाद झालेली पोरे येतात. आपल्या मुसलमान घरांत तर विषय तिथेच संपतो, कारण नशा हराम. ते योग्यच आहे. पण हेच झाड शेकडो वर्षे हकीम आणि वैद्यांच्या औषधांत होते आणि त्याचा इतिहास थेट आपल्या महाराष्ट्रातून जातो. तो माहीत नसला की माणसे दोन टोकांना जातात. काही जण औषधालाही घाबरतात आणि काही जण नशेलाच औषध समजतात.

भाषेचा शिक्षक म्हणून माझे लक्ष आधी शब्दांकडे जाते. या झाडाची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि चीक म्हणजे चरस. अरबीत त्याला किन्नब म्हणतात, फारसीत बंग. युनानी ग्रंथांत आणखी एक सुंदर नाव सापडते, वरक-उल-खयाल, म्हणजे कल्पनेचे पान. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांना हे पान डोक्यात काय करते ते नीट ठाऊक होते, तरीही त्यांनी ते औषधांच्या यादीत ठेवले. आपल्याकडच्या शार्ङ्गधर संहितेतही भांगेचा उल्लेख अफूच्या जोडीने येतो.

महाराष्ट्राशी संबंध येतो तो गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यामुळे. तो 1534 मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याची ऊठबस होती आणि तिथल्या हकिमांशी त्याच्या चर्चा होत. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात भांगेवर स्वतंत्र प्रकरण आहे. ती घेतल्यावर श्रम जाणवत नाहीत आणि भूक लागते, असे नोकरांकडून ऐकलेले त्याने लिहून ठेवले. गुजरातच्या बहादूरशहाचा किस्साही त्याने दिला आहे. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान फिरून यावेसे वाटले की थोडी भांग खाल्ली तरी पुरते, असे हा सुलतान म्हणे. दवा आणि नशा एकाच प्रकरणात शेजारी बसलेल्या दिसतात.

युरोपच्या दवाखान्यांत हे औषध पोचवले डब्ल्यू. बी. ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने. तो कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवायचा. 1839 मधला त्याचा निबंध प्रसिद्ध आहे. त्याने आधी फारसी-संस्कृत ग्रंथ आणि स्थानिक जाणकारांकडून माहिती घेतली. त्यात हुगळीच्या इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली होते, तसे एक संस्कृत पंडितही होते. मग त्याने प्राण्यांवर प्रयोग केले आणि त्यानंतर रुग्णांवर. संधिवात, धनुर्वात, पटकी अशा आजारांत त्याने गांजाचा अर्क वापरला. पिसाळलेला कुत्रा चावलेला त्याचा एक रुग्ण स्वतः हकीम होता, नाव अब्दुल्ला. तो वाचला नाही. पण पाण्याच्या नुसत्या कल्पनेने ज्याला झटके येत होते, तो औषधानंतर संत्र्याचा रस गिळू शकला आणि भिजवलेला भात खाऊ शकला. झटके येणारी एक तान्ही मुलगी मात्र बरी झाली. फायदा आणि मर्यादा दोन्ही ओशॉनेसीने नोंदवल्या, म्हणून मला त्याची नोंद प्रामाणिक वाटते.

याच माणसाने त्याआधी, 1831-32 मध्ये, पटकीच्या रुग्णाच्या रक्तातले पाणी आणि क्षार कमी होतात, ते परत भरले पाहिजेत, असे मांडले होते. आज जंगलातल्या दवाखान्यात जुलाब-उलट्यांच्या रुग्णाला सलाईन लागते, त्याची मुळे तिथे आहेत.

1893 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला की, हिंदुस्थानी लोक गांजाने वेडे होतात का? त्यासाठी आयोग नेमला गेला. त्याने 1193 साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल दिला. त्या काळी मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा गांजाच्या लागवडीत आघाडीवर होता आणि मध्य प्रांतात खांडवा. आपला चांदा जिल्हा, ज्यातून 1982 मध्ये गडचिरोली वेगळा झाला, त्याच मध्य प्रांतात होता. आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांची रजिस्टरे तपासली, तेव्हा कळले की अनेकांच्या नावापुढे ‘कारण : गांजा’ हे पुरेशी चौकशी न करताच लिहिले गेले होते. माफक वापराने फारसे नुकसान नाही, अतिवापर घातक, आणि बंदीपेक्षा नियंत्रण व कर बरे, असा निष्कर्ष निघाला. सरकारला महसूलही हवा होता, हे विसरू नये.

मग हे औषध मागे का पडले? अर्काची ताकद दर वेळी वेगळी निघे. ते पाण्यात विरघळत नसल्याने इंजेक्शन देता येईना. 1899 मध्ये ॲस्पिरिन बाजारात आले. पुढे 1961 चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 1985 मध्ये आपल्याकडे एनडीपीएस कायदा आला. या कायद्यात नुसती पाने गांजात मोडत नाहीत, पण फुलोऱ्याचे शेंडे बाळगणे गुन्हा आहे. एक किलोपर्यंतच्या गांजालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

हे सगळे मी का लिहितो आहे? इकडे हेमलकसा-भामरागड भागात एका बापाने मला मोबाईल दाखवला. गांजाच्या तेलाने मिरगी जाते, असा मेसेज होता. त्याच्या मुलाला मिरगी आहे. “सर, हे खरं आहे का?” त्याच्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे उत्तर पुरत नाही. जून 2018 मध्ये अमेरिकेत या झाडातल्या कॅनाबिडिऑल या घटकाचे औषध मिरगीच्या दोन दुर्मीळ, कठीण प्रकारांसाठी मंजूर झाले, हे खरे. पण तो घटक नशा आणत नाही, तो शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीत देतात. नशा आणणारा घटक दुसरा, टीएचसी. तो 1964 मध्ये वेगळा काढला गेला. कुणीतरी बाटलीत विकलेल्या तेलात कोणता घटक किती आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. म्हणून मी त्याला एवढेच सांगितले, “भाऊ, चालू गोळ्या एक दिवसही बंद करू नका, आणि हा मेसेज डॉक्टरांनाच दाखवा.” 1973 पासून हेमलकशात लोकबिरादरीचा दवाखाना आहे. जिथे कधीकाळी डॉक्टरच नव्हता, तिथे आज विचारायला माणूस आहे.

आपल्या परंपरेतही हा फरक केलेला आहे. इब्न तैमिया (निधन 1328) यांनी हशीशचा अत्यंत कडक निषेध केला. त्यांच्यानंतर त्याच शतकात झरकशी यांनी हशीशवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि नशेसाठी घेणे व उपचारासाठी घेणे हे दोन वेगळे प्रश्न म्हणून हाताळले. मनाई नशेची होती, झाडाचा द्वेष नव्हता. 2 डिसेंबर 2020 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून 27 विरुद्ध 25 मतांनी काढले. भारताने बाजूने मत दिले. नियंत्रण मात्र कायम राहिले.

त्यामुळे ‘आपले पूर्वज वापरत होते’ एवढ्यावर कुणी तुम्हाला काही विकू लागला, तर त्याला विचारा : कोणता भाग, किती मात्रा, कोणत्या आजारावर, कुणाच्या देखरेखीत? आपले जुने हकीम हेच प्रश्न विचारायचे. त्यांचा वारसा सांगायचा असेल, तर त्यांची ही सवयही घ्यावी लागेल.