जन्मजात गुन्हेगार? धरणगावची साक्ष काढा

काही समाजांच्या रक्तातच चोरी असते, हे मत जळगाव-धुळ्याकडे आजही बेधडक बोलले जाते. बोलणारे सगळेच दुष्ट नाहीत. त्यांचे म्हणणे असे: घरफोड्यांत त्याच त्या वस्त्यांची नावे येतात, पोरे तेच पाहत वाढतात, मग तपास तिथूनच सुरू केला तर बिघडले कुठे?

या मतावर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारी शिक्का मारला. १८७६ मध्ये इटलीच्या लोंब्रोसोने गुन्हेगार कवटी-जबड्यावरून ओळखता येतो असे मांडले. इंग्लंडच्या चार्ल्स गोरिंगने सुमारे ३,००० इंग्रज कैद्यांची मापे तपासली आणि १९१३ मध्ये निर्वाळा दिला: असा वेगळा नमुना आढळत नाही.

पण इंग्लंडपर्यंत जायचे कशाला? १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला, तेव्हा सातपुडा-सातमाळ्यातले भिल्ल म्हणजे पिढीजात लुटारू, असेच साहेब लोक धरून चालले. पलटणी डोंगरात धाडल्या. लूट थांबली नाही. १८२५ मध्ये धोरण पालटले. मागचे गुन्हे माफ झाले, कसायला जमीन आणि तगाई मिळाली, आणि इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगाव. औट्रम त्यांच्यात वावरला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला. इंग्रजांचा हेतू स्वस्तात बंदोबस्त हाच होता, हे कबूल. तरी काही वर्षांत ज्यांचा बंदोबस्त करायचा होता, तेच खानदेशचा बंदोबस्त पाहू लागले. मधल्या काळात त्यांचे रक्त बदलले होते काय? बदलली ती रोजी आणि मिळणारी वागणूक.

राहिला नोंदींचा मुद्दा. दर चोरीनंतर ज्या पालावर पोलिसांची गाडी जाते, तिथलीच नावे वहीत चढणार. आणि तीच वही पुढच्या संशयाला आधार ठरणार. याला पुरावा कोण म्हणेल? एका खटल्यात भटक्या जमातींतल्या सहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मान्य केली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रांतून भलतेच चौघे ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नव्हता.

आणि १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळवणारे समजून, जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. त्यांच्याविरुद्ध पुरावा काय होता? ते परके होते, भटके होते. बस्स.

गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्यामागचे मत रद्द करायचे की नाही, याचा निकाल वाचकांनी द्यावा.