खिशात मावणारा, खिशाला परवडणारा

कॅमेरा खिशात मावावा, खिशाला परवडावा आणि फोटोही सुरेख यावा, ही मागणी आजच्या गिऱ्हाइकाची वाटते. पण तिचे वय सव्वाशे वर्षांच्या पुढे आहे. एवढ्या काळात या तिन्ही गोष्टी एकत्र पदरात पडल्याचे प्रसंग विरळाच. दर पिढीतल्या कारागिरांनी निदान एकीवर पाणी सोडले आणि उरलेल्या साधल्या. आज छोटा, स्वस्त डिजिटल कॅमेरा निवडणारा माणूसही नकळत तोच जुना हिशेब मांडत असतो. तो हिशेब कुठून सुरू झाला, हे पाहण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिचे सभासद झाले. तेव्हा छायाचित्रण म्हणजे काचा, रसायने, तिवई आणि सवड असलेल्यांचा उद्योग होता. तो सामान्य माणसाच्या हाती दिला अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन याने. 1888 साली त्याने ‘कोडॅक’ नावाची पेटी 25 डॉलरना विकायला काढली. तिच्यात 100 फोटोंची गुंडाळी भरलेलीच येई. गुंडाळी संपली की अख्खी पेटी कारखान्याला पाठवायची आणि 10 डॉलर भरायचे. मग गोल आकाराचे फोटो आणि नवी गुंडाळी भरलेली पेटी घरपोच येई. कटकट संपली, पण किंमत उरलीच. ती 1900 साली आलेल्या ‘ब्राउनी’ने पाडली. हा पुठ्ठ्याचा कॅमेरा अवघ्या एका डॉलरला मिळे. कॅमेरा स्वस्त झाला, पण अजून तो डबाच होता.

खिशाचा प्रश्न सुटला 1912 साली. त्या वर्षी आलेला ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’ नावाप्रमाणेच जाकिटाच्या खिशासाठी घडवलेला होता. मिटलेला असताना तो जेमतेम इंचभर जाडीचा असे. पुढचा भाग ओढला की भाता उलगडून भिंग योग्य अंतरावर येऊन थांबे. पहिले महायुद्ध पेटल्यावर ब्रिटिश लष्कराने सैनिकांच्या कॅमेऱ्यांवर बंदी घातली, तरी हा कॅमेरा खंदकांत पोहोचलाच. 1924 साली एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या जॉर्ज मॅलरीकडेही असाच एक कॅमेरा होता, तोही सहकारी हॉवर्ड सॉमरव्हेल याच्याकडून मागून घेतलेला. 1999 साली मॅलरीचा देह सापडला, कॅमेरा मात्र सापडला नाही.

‘व्हेस्ट पॉकेट’च्याच सुमारास जर्मनीतल्या वेट्झलार गावी ऑस्कर बार्नाक दुसऱ्या वाटेने चालला होता. दम्यामुळे जड काचा वाहणे त्याला जमेना, म्हणून त्याने सिनेमाची 35 मिलिमीटरची फिल्म आडवी फिरवली आणि 24 बाय 36 मिलिमीटरची चौकट ठरवली. 1925 साली लाइपझिगच्या जत्रेत त्याचा ‘लायका’ कॅमेरा लोकांसमोर आला. लहान निगेटिव्हवरून मोठा, स्वच्छ फोटो काढता येतो हे त्याने दाखवून दिले. पण असे भिंग आणि अशी घडण स्वस्तात मिळणारी नव्हती. इथे आकार आणि दर्जा साधले, किंमत सुटली. आपल्याकडच्या मध्यमवर्गाने नेमका उलटा सौदा केला. बडोद्यात तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ खिशात मावत नसे आणि त्याचे भिंगही साधेच होते, पण तो परवडत असे. एका रोलमध्ये 12 चौकोनी फोटो निघत. मराठी घरांतल्या जुन्या अल्बममध्ये सहलीचे आणि मुंजीचे कितीतरी चौकोनी कृष्णधवल फोटो अशाच कॅमेऱ्यांचे आहेत.

पुढचे वळण प्रयोगशाळेतले आहे. 1969 साली बेल लॅबमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही प्रकाश टिपणारी चिप, म्हणजेच सेन्सर, मांडली, आणि 1975 साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन याने तिच्या आधारे डिजिटल कॅमेरा जोडून दाखवला. त्याचे वजन 3.6 किलो होते आणि 0.01 मेगापिक्सेलचा एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला 23 सेकंद लागत. खिशाची गोष्ट पुन्हा शून्यावर आली. ती परत रुळावर आणली घड्याळे आणि गणकयंत्रे करणाऱ्या जपानी कॅसिओने. 1995 साली 65,000 येनला आलेल्या ‘क्यूव्ही-10’चे फोटो आज पाहिले तर धूसर वाटतील, पण त्याच्या पाठीवर 1.8 इंची पडदा होता. काढलेला फोटो तिथल्या तिथे बघायचा, नको असेल तर पुसायचा. ही सवय आपल्याला याच कॅमेऱ्याने लावली. 2000 साली कॅननचा पहिला ‘डिजिटल इक्सस’ धातूच्या चिमुकल्या अंगात 2 मेगापिक्सेल घेऊन आला आणि पुढे दशकभर अशा कॅमेऱ्यांची रेलचेल झाली. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार 2010 साली 12 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले, त्यांतले 10 कोटींहून अधिक छोटे कॉम्पॅक्ट होते. 2023 साली कॉम्पॅक्टचा आकडा 20 लाखांच्याही आत आला होता. मधल्या काळात फोनने त्यांची जागा घेतली. जानेवारी 2012 मध्ये खुद्द ईस्टमनच्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि 2013 पासून ‘कोडॅक’ नावाचे डिजिटल कॅमेरे दुसरीच कंपनी परवान्यावर विकते.

आज दुकानात मिळणारे स्वस्त कॉम्पॅक्ट या लांबच्या वाटेचे वारस आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा सेन्सर 6.2 बाय 4.6 मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा असतो. बार्नाकच्या चौकटीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही कमी. चांगल्या फोनचा सेन्सरही हल्ली त्याहून मोठा असतो. त्यामुळे खोक्यावरचा मेगापिक्सेलचा आकडा पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. असा कॅमेरा फोनपेक्षा जास्त काही देत असेल तर तो खरा, भिंगाचा झूम आणि जोरकस फ्लॅश; डिजिटल झूम म्हणजे नुसते कातरकाम. 2025 साली कॅननने 2016चेच एक मॉडेल किरकोळ फेरफार करून पुन्हा बाजारात आणले, यावरून या खालच्या पायरीवर फारशी प्रगती उरलेली नाही हे उघड आहे. खरी झेप 2012 साली सोनीच्या ‘आरएक्स 100’ने घेतली होती: 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा सेन्सर, म्हणजे चौपट क्षेत्रफळ, आणि तरीही वजन 240 ग्रॅम. तेव्हा तो महाग होता.

म्हणून ज्यांना लग्नकार्यात, सहलीत झूम आणि फ्लॅश हवा आहे, त्यांनी नवा स्वस्त कॉम्पॅक्ट खुशाल घ्यावा. ज्यांना फोटोचा दर्जा हवा आहे, त्यांनी नव्याचा हट्ट सोडून ‘आरएक्स 100’सारखा, एक इंची म्हणवल्या जाणाऱ्या सेन्सरचा वापरलेला कॅमेरा पाहावा. भिंग अडखळत नाही ना, पडद्यावर डाग नाहीत ना आणि बॅटरी बाजारात मिळते ना, एवढे तपासून घ्यावे. तिन्ही गोष्टींच्या सर्वांत जवळ आज हाच सौदा जातो.