लुई व्हिएर्न यांचा शेवटचा सूर

आपल्याकडे ऑर्गन म्हटला की संगीत नाटकाच्या रंगमंचासमोरची पायपेटी आठवते. तिचे आणि युरोपातल्या कॅथेड्रलमधल्या ऑर्गनचे नाव एक, पण जात वेगळी. पायपेटी वाजवणाऱ्याचे दोन्ही पाय भात्यात गुंतलेले असतात. कॅथेड्रलच्या ऑर्गनला हवा दुसरीकडून मिळते, त्यामुळे वादकाचे पाय मोकळे राहतात आणि ते लाकडी पट्ट्यांवर खर्ज वाजवतात. मी सांगणार आहे ती हकिकत अशाच एका पायाची आहे.

२ जून १९३७. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये लुई व्हिएर्न यांचे वादन होते. चरित्रांत हा त्यांचा १७५०वा कार्यक्रम म्हटला आहे. इतका गोल आकडा पाहिला की मला मोजणाऱ्याविषयी शंका येते. ते तिथले ऑर्गनवादक १९०० पासून होते, हे मात्र निश्चित. जन्मतःच मोतीबिंदू, लहानपणी शस्त्रक्रिया होऊन थोडीशीच दृष्टी आलेली, शिक्षण अंधांच्या शाळेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुलगा गेला, भाऊ गेला. काव्हाये-कोल यांनी बांधलेला, १८६८ साली वाजू लागलेला तो ऑर्गन तोवर मोडकळीला आला होता. त्याच्या दुरुस्तीच्या पैशासाठी साठीकडे झुकलेले व्हिएर्न १९२७ मध्ये अमेरिकेचा दौरा करून आले.

त्या संध्याकाळी मदतीला शेजारी मोरीस द्युरुफ्ले होते. व्हिएर्न यांनी स्वतःचे ‘त्रिप्तिक’ वाजवले. त्याचा शेवटचा भाग एका मृत बालकाच्या स्मरणशिलेच्या नावाचा आहे. त्यानंतर ऐन वेळी दिलेल्या सुरावटीवर उत्स्फूर्त वादन करायचे होते. सुरावट ब्रेलमध्ये हाती आली, त्यांनी ती बोटांनी वाचली, आणि ते बाकावरून कोसळले. पाय खर्जातल्या ‘ई’ या पट्टीवर पडला होता. तो एकच सूर कॅथेड्रलभर घुमत राहिला.

या प्रसंगाला चमत्काराचा मुलामा दिला जातो. मला त्याची गरज वाटत नाही. पियानोची पट्टी दाबून धरली तरी सूर विरत जातो. ऑर्गनचा विरत नाही. पट्टी दबलेली आणि हवा चालू असेपर्यंत नळी वाजतेच, दाबणारा शुद्धीवर असो वा नसो. शिवाय नोत्र दामचा ऑर्गन पश्चिमेच्या दारावर, उंच सज्ज्यात आहे. वेदीकडे तोंड करून बसलेल्या श्रोत्यांच्या पाठीमागे. वादक कोणाला दिसत नव्हता. जे ऐकू आले, ती उत्स्फूर्त वादनाची सुरुवातच आहे असे पुष्कळांना वाटले असणार. मला थरकाप वाटतो तो याचा.

ऑर्गनपाशीच मरण यावे अशी त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली, असे सगळे लिहितात. त्यांची दुसरीही एक इच्छा होती: आपल्या जागी द्युरुफ्ले यावेत. ती मागे पडली. कॅथेड्रलने लेओन्स द सें-मार्तें यांना नेमले, स्पर्धा न घेता. त्यावर वादही झाला. द्युरुफ्ले सेंत-एत्येन-द्यु-माँ या आपल्या चर्चमध्येच राहिले.