वॉश (जलरंगातील पातळ थर)

भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा, कागदावर सलग पसरलेला पारदर्शक थर. प्रकाश तो भेदून कागदाच्या पांढऱ्यावर आदळतो आणि रंग घेऊन माघारी येतो. म्हणून चांगला वॉश आतून उजळल्यासारखा भासतो. एका थरावर दुसरा चढवायचा तर आधीचा खडखडीत वाळू द्यावा लागतो, नाहीतर खालचा रंग उखडून चित्र गढूळ होते. पुण्यातल्या श्रावणात हे वाळणे चित्रकाराचा अंत पाहते.

वॉशने साधायचे वातावरण म्हणजे चित्रातली हवा. दूरची टेकडी आणि आपला डोळा यांच्यामधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, त्यामुळे टेकडी निळसर, फिकी, पुसट कडांची दिसते. म्हणून चित्रकारही दुरून जवळ असा क्रम पाळतो : मागचे आधी आणि पातळ, पुढचे नंतर आणि गडद. धुके हवे असेल तर ओल्यावरच ओला रंग सोडून तो पसरू देतात. तैलरंगातील ‘ग्लेझ’चे तत्त्वही पारदर्शक थराचेच, पाण्याऐवजी तेल, हा मुख्य फरक.

महाराष्ट्रात या पद्धतीचा एक जुना धागा पुण्याच्या शनिवार पेठेत सापडतो. त्याआधी लघुचित्रांच्या परंपरेत रंग बहुधा दाट, अपारदर्शक. दूरचे झाडही जवळच्याइतकेच स्पष्ट. पुढे पेशवे सवाई माधवरावांच्या काळात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आग्रहाने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली; स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स तिच्याशी निगडित होता. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा तिथला ठळक चित्रकार. त्याने १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा चितारला, तर १७९५ मध्ये पर्वतीचे जलरंगचित्र केले. ही चित्रे मुख्यतः नोंदीसाठी होती; त्यांत धुक्याची हौस शोधू नये. लाकडी वाडा १८२८ च्या आगीत गेला. समुद्रापार गेलेली चित्रे मात्र टिकली. त्यांतली काही आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहेत.

महाराष्ट्रातील जलरंगचित्रांत वातावरणाचा कळस पुढे सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी (१८८२–१९६८) गाठला. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील त्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ अनेकांना तैलचित्र वाटते. आहे ते जलरंगात. दिव्याच्या ज्योतीवर हाताचा आडोसा धरलेली स्त्री, आणि तिच्या बोटांतून झिरपणारा लालसर उजेड.