होडीला सोलर आणि मोटर: आधी हा हिशोब करा



कोकणात नातेवाईकांची होडी असेल, तर सुट्टीत गेल्यावर डिझेलच्या भावाचा विषय निघतोच. मग प्रश्न येतो, "तुम्ही तिकडे इंजिनिअर, होडीला सोलर बसवलं तर चालेल का?" चालेल, पण सगळ्याच होड्यांना नाही. पैसे पाठवण्याआधी पुढचा हिशोब जरूर करून पाहा.

१) डिझेल आणि बॅटरी
एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. छोट्या इंजिनात त्यातली साधारण ३ युनिटच पंख्यापर्यंत पोचतात, बाकीची उष्णता होऊन वाया जाते. विजेची मोटर बॅटरीतली जवळपास ९० टक्के ऊर्जा कामी लावते. तरीही २० युनिटची लिथियम बॅटरी म्हणजे फक्त ६ लिटर डिझेल! ते डिझेल ५ किलोचे, तर बॅटरी १५० ते २०० किलोची.

२) वेग
पाण्यात वेग दुप्पट करायचा तर साधारण आठपट ताकद लागते. उलट, वेग निम्मा केला तर तेवढ्याच अंतराला ऊर्जा पावपट पुरते. समजा, ८ मीटरच्या होडीला ४ नॉट वेगासाठी ४ किलोवॉट लागतात. मग २० युनिटमध्ये ५ तास, म्हणजे २० सागरी मैल. वारा आणि भरती-ओहोटीसाठी एक तृतीयांश राखून ठेवले, तर जाऊन-येऊन १३ मैलच धरावेत.

३) सोलर किती देते?
होडीवर १० चौरस मीटर पॅनेल बसले, तर ते साधारण २ किलोवॉटचे होतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर त्यातून जूनमध्ये दिवसाला ८ युनिट मिळतील, डिसेंबरमध्ये जेमतेम १. कोकणात उन्हाळ्यात १० युनिटपर्यंत मिळू शकतात. तिथे ऐन पावसाळ्यात ऊन कमी, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदीच असते. थोडक्यात, सोलर हा जोडधंदा. मुख्य चार्जिंग बंदरावरच.

४) प्रत्यक्षात कुठे चालते?
लंडनच्या हाइड पार्कमधील सर्पेंटाइन तलावात २००६ मध्ये सौर बोट सुरू झाली. केरळमध्ये वैकम ते तवणक्कडव या मार्गावर २०१७ पासून ७५ प्रवाशांची 'आदित्य' धावू लागली; तिच्यावर २० किलोवॉटचे पॅनेल आहेत. संथ पाणी, ठरलेला मार्ग, कमी वेग. नवाल्ट कंपनीने २०२३ मध्ये मुंबईच्या माझगाव डॉकसाठी बनवलेली 'बॅराकुडा' मात्र वेगवान. तिला ५० किलोवॉटच्या दोन मोटरी आहेत, सोलर फक्त ६ किलोवॉट!
मासेमारीत स्कॉटलंडच्या आर्गाइल किनाऱ्यावरची छोटी 'लोर्ना जेन' विजेवर करण्यात आली. किनाऱ्याजवळ पिंजरे टाकून शेवंड, कुर्ल्या पकडणाऱ्या किंवा गळाने बांगडा धरणाऱ्या होड्यांना हे जमण्यासारखे आहे. ट्रॉलरला नाही, जाळे ओढायला तासन् तास पूर्ण ताकद लागते. ब्रिटनमधल्या मासेमारी बोटींपैकी सुमारे ८० टक्के १० मीटर किंवा त्याहून लहान आहेत, म्हणून इथेही हा विषय महत्त्वाचा.

५) काळजी
लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी इतर लिथियम प्रकारांपेक्षा सुरक्षित मानली जाते. जोडण्या खाऱ्या पाण्यापासून बंद हव्यात. वल्ही किंवा छोटे आउटबोर्ड सोबत हवेच; समुद्रात बॅटरी संपली तर होडी ढकलत आणता येत नाही. ब्रिटनमध्ये मासेमारीच्या बोटीत असा बदल करण्याआधी मेरीटाइम अँड कोस्टगार्ड एजन्सीशी बोलावे.

शेवटी, घरच्या तांडेलाला एकच प्रश्न विचारा: रोज किती लिटर डिझेल जळते? त्या आकड्याला साडेतीनने गुणा, म्हणजे बॅटरीतून लागणारी युनिटे मिळतील. राखीव साठा वेगळा. उत्तर ५ लिटर असेल तर पुढे बोलणी करा. ५० असेल, तर तूर्त त्याच पैशात इंजिनाची दुरुस्ती, तळाची साफसफाई आणि योग्य मापाचा पंखा यातून जास्त बचत होईल.