आजवर काही झालं नाही ना!



मागच्या महिन्यात सिलिंडर देणारा मुलगा म्हणाला, "काकू, शेगडीची नळी बदला. तारीख उलटून तीन वर्षं झाली." मी नळी उलटीपालटी करून पाहिली. पाच वर्षांची मुदत छापलेली होती आणि खरंच ती केव्हाच संपली होती. आतून आमचे हे म्हणाले, "इतकी वर्षं काही झालंय का? उगीच खर्च."

हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या घरात रोज बोललं जातं. मीही बोलते. कुकरची शिट्टी नीट वाजत नसली की मी काट्याने टोचून पुन्हा तीच लावते. पण त्या दिवशी ते ऐकलं आणि मला जर्मनीतल्या ओपाऊ गावाची गोष्ट आठवली. ती मी काही वर्षांपूर्वी वाचली होती, आणि वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. वाचावीशी वाटण्याचं कारणही घरातलंच. माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे आण्णांचं, खतांचं दुकान होतं. मी बी.कॉम. म्हणून लग्नानंतर दुकानाचं जमाखर्चाचं काम माझ्याकडे आलं. पावसाळ्यात खताच्या पोत्यांत ढेकळं व्हायची. पोतं आडवं टाकून हमाल मोगरीने बडवायचे आणि खत मोकळं करायचे. ओपाऊलाही खताची ढेकळंच फोडायची होती.

ऱ्हाईन नदीकाठी लुडविग्सहाफेन नावाचं शहर आहे. ओपाऊ आज त्याच शहरात सामावलं आहे. तिथे बीएएसएफ कंपनीने १९१३ साली एक नवलाचा कारखाना सुरू केला. फ्रिट्झ हाबर या शास्त्रज्ञाने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवायची रीत शोधली होती आणि कार्ल बॉश या इंजिनिअरने ती कारखान्यात उतरवली. अमोनियापासून खत होतं. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं अन्न या रीतीने बनलेल्या खतावर पिकतं असा अंदाज आहे. आपल्या ताटातल्या गव्हा-तांदळातही ओपाऊचा अंश आहे. मात्र त्याच अमोनियापासून दारूगोळाही होतो, आणि पहिल्या महायुद्धात तो झालाही.

युद्ध संपल्यावर कारखाना पुन्हा खताकडे वळला. तिथे अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांचं मिश्रण बनत असे. यातलं अमोनियम नायट्रेट स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच्या पोटात घेऊन बसलेलं असतं. योग्य धक्का मिळाला तर त्याला हवेची गरज लागत नाही, ते एका क्षणात वायू होऊन फुटतं. सल्फेट मिसळलं की ते शांत राहतं, अशी समजूत होती. नायट्रेटचं प्रमाण ठराविक मर्यादेच्या खाली असेल तर मिश्रण फुटत नाही, असं चाचण्या करून ठरवलेलंही होतं.

अडचण एवढीच होती की माल गोदामात साठला की स्वतःच्या वजनाने दाबून दगडासारखा घट्ट व्हायचा. कुदळीने फोडायचा तर वरचा डोंगर मजुरांच्या अंगावर कोसळायचा धोका. मग उपाय काढला, की ढिगाऱ्यात भोकं पाडायची, त्यात सुरुंगाच्या थोड्या काड्या भरायच्या आणि उडवायच्या, म्हणजे माल मोकळा होतो. तुम्ही म्हणाल, खताला सुरुंग? हो, खताला सुरुंग. आणि हे एकदा-दोनदा नाही, स्फोटापूर्वी सुमारे २०,००० वेळा झालं होतं असं सांगितलं जातं. एकदाही काही झालं नाही.

२१ सप्टेंबर १९२१, सकाळचे साडेसात वाजून गेले होते. कामाची पाळी सुरू झालेली. गोदामात सुमारे ४,५०० टन माल होता. नेहमीसारखे सुरुंग उडवले आणि गोदाम नाहीसं झालं. त्या जागी ९० मीटर रुंद, १२५ मीटर लांब आणि जवळजवळ १९ मीटर खोल खड्डा पडला. सहामजली इमारत आत उभी राहिली असती. पाचशेहून जास्त माणसं मेली, सुमारे २,००० जखमी झाली. गावातली दहापैकी आठ घरं पडली आणि साडेसहा हजार लोक बेघर झाले. तीस किलोमीटरवरच्या हायडेलबर्गमध्ये रस्त्यावर काचांचा खच पडला. आवाज तीनशे किलोमीटरवर म्युनिकलाही ऐकू गेला.

विशेष म्हणजे गोदामातला सगळा माल फुटलाच नाही, थोडाच भाग फुटला. सगळा फुटला असता तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही.

आता या ताकदीचं माप कसं करतात ते सांगते, कारण हिशेब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. स्फोटाची ताकद टीएनटी या स्फोटकाच्या वजनात मोजतात. एक किलो टीएनटी म्हणजे १,००० किलोकॅलरी असं मानलेलं आहे. कॅलरी आपल्याला डाएटच्या तक्त्यामुळे पाठ असतात. मग तुलना करून बघा. एक किलो तुपात सुमारे ९,००० किलोकॅलरी असतात, म्हणजे टीएनटीच्या नऊपट! घरातला १४.२ किलोचा सिलिंडर घेतला तर त्यातल्या गॅसची ऊर्जा दीडशे किलोहून जास्त टीएनटीइतकी भरते. तो आपण महिनाभर चहा, पोळ्या, वरण-भात करत जाळतो आणि काही होत नाही.

फरक ऊर्जेत नाही, वेगात आहे. तूप पोटात सावकाश खर्च होतं. टीएनटीमधला स्फोट सेकंदाला जवळजवळ सात किलोमीटर वेगाने धावतो. जे महिनाभरात निघायचं, ते डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर आलं की भिंती उभ्या राहत नाहीत. राग आणि समजूत यांच्यातही मला असाच फरक वाटतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

हजार टन टीएनटी म्हणजे एक किलोटन, म्हणजे दहा टनी शंभर ट्रकांची रांग. ओपाऊच्या स्फोटासाठी १ ते २ किलोटन हा आकडा नेहमी दिला जातो. १९१७ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याचं जहाज फुटलं, ते सुमारे २.९ किलोटन. हिरोशिमाचा अणुबॉम्ब सुमारे १५ किलोटन. म्हणजे ओपाऊत शेतकऱ्यांसाठी बनवलेल्या मालाने हिरोशिमाच्या निदान पंधराव्या हिश्शाइतकं काम एका गोदामात केलं.

आणि हे तिथेच थांबलं नाही. १९४७ मध्ये अमेरिकेत टेक्सास सिटीच्या धक्क्यावर अमोनियम नायट्रेट भरलेल्या जहाजाला आग लागून ते फुटलं, किमान ५८१ माणसं गेली. २०२० मध्ये बैरुत बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं आणि दोनशेहून जास्त लोक मेले. तो माल वर्षानुवर्षं गोदामात पडून होता. तिथेही रोज सकाळी लोक कामावर येत होते आणि काही होत नव्हतं. बैरुतनंतर आपल्याकडेही जाग आली. चेन्नईजवळ सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट बरीच वर्षं पडून होतं, ते घाईने हलवलं गेलं. २०१२ पासून आपल्याकडे त्याच्या साठ्यासाठी वेगळे नियम आहेत. मुंबईच्या गोदीतला १४ एप्रिल १९४४ चा स्फोट आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ऐकला होता. ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठीही भरलेल्या होत्या. आग आधी कापसाला लागली. एकाच घरात गवत आणि विस्तव ठेवल्यासारखं ते झालं.

ओपाऊत वीस हजार वेळा न फुटलेला माल त्या दिवशीच का फुटला? जागेवरचं कोणी सांगायला उरलं नाही. पण त्याच वर्षी माल बनवायची पद्धत बदलली होती. नव्या पद्धतीत मालातला ओलावा निम्म्यावर आला होता. शिवाय सगळीकडे मिश्रण सारखं नसावं, काही ठिकाणी नायट्रेट जास्त साठलं असावं असं मानलं जातं. आपल्याला हे लगेच कळेल. उपम्यात मीठ मापानेच घातलेलं असतं, पण नीट ढवळलं नाही तर एका घासात खडा येतो. सरासरी बरोबर असते आणि घास खारट लागतो. चाचणी सरासरीची झाली होती, सुरुंग त्या घासाला लागला.

हिशेब शिकताना आमचे सर सांगत, शंभर पावत्या बरोबर निघाल्या म्हणजे एकशे एकावी बरोबर आहे असं लिहून द्यायचं नाही. ओपाऊच्या वीस हजार पावत्या जुन्या मालाच्या होत्या आणि नवा माल वेगळा होता. हे कोणी खात्यात नोंदवलंच नाही.

स्फोटानंतरच्या शोकसभेत कार्ल बॉश बोलले. लाखोंना अन्न देण्यासाठी बनवलेला पदार्थच आपला वैरी ठरला, अशा आशयाचं ते बोलणं होतं. दहा वर्षांनी, १९३१ मध्ये, त्यांना नोबेल मिळालं. मला त्यांचं दुःख खरं वाटतं. आणि वात लावणारे मजूर? त्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं. त्यांना मी दोष देणार नाही.

पण स्वाध्यायात ऐकलेली एक गोष्ट इथे मनात येते. हिंसा जीव गेल्यावर लागते असं आपण समजतो. शास्त्र म्हणतं, हिंसेचं मूळ प्रमादात आहे. यत्नाने, पाहून पाऊल टाकणाऱ्याच्या पायाखाली चुकून जीव आला तरी त्याचा दोष वेगळा. आणि बेफिकिरीने चालणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव आला नाही, तरी हिंसा त्याला लागलीच. लहानपणी मला हे फार कठोर वाटायचं. काही झालंच नाही तर दोष कसला? ओपाऊ वाचल्यावर कळलं. दोष एकवीस सप्टेंबरला झाला नाही. तो आधीच्या वीस हजार वेळा होत होता, फक्त त्या दिवशी दिसला. पाणी गाळताना, दिवा झाकताना, धान्य निवडताना आपल्या सासवा-आज्या ‘यत्नाने कर गं’ म्हणायच्या, त्यात हेच होतं. काल काही निघालं नाही म्हणून आज पाणी न गाळता कुणी प्यायल्या नाहीत.

नळी दुसऱ्या दिवशी बदलली. एकशे नव्वद रुपये खर्चाला लिहिले. यांनी वही पाहिली, काही बोलले नाहीत, मात्र संध्याकाळी स्वतःहून रेग्युलेटर बंद करून आले. जुनी नळी वाकवून पाहिली तर आतून बारीक भेगा पडल्या होत्या.

तुम्हीही आज शेगडीमागे वाकून तारीख बघा. आणि कुकरच्या शिट्टीचं म्हणाल, तर ती मीही नवी आणली आहे.